गेम बंद पडतो म्हणून कॉम्प्युटर भंगारात?

घरातला जुना कॉम्प्युटर गेम खेळता खेळता बंद पडला की आपल्याकडे तीन निकाल ठरलेले असतात. अब्बा म्हणतात, "या गेमनेच वाट लावली." दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." आणि पोरगा म्हणतो, "नवीन घेऊया ना, हप्त्यावर मिळतो." तिघांपैकी एकानेही बिघाड शोधलेला नसतो. मला या तिन्ही निकालांविरुद्ध बोलायचं आहे.

पहिला निकाल घ्या. आमच्या घोरावाडी-तळेगावच्या सपाट रस्त्यावर जुनी जीप आरामात पळते. तीच खंडाळ्याच्या घाटात चढवली की रेडिएटर उकळतो. म्हणून कुणी म्हणतं का, की घाटाने इंजिन बिघडवलं? रेडिएटर आधीच चोंदलेला होता, घाटाने तो फक्त दाखवून दिला. गेमचं तेच आहे. अर्ज टाइप करताना किंवा व्हिडिओ पाहताना कॉम्प्युटर सपाट रस्त्यावर असतो. गेम सुरू झाला की प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, हार्ड डिस्क आणि या सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस यांच्यावर एकाच वेळी भार येतो, आणि त्यात जो कच्चा असेल तो आधी हात वर करतो. गेम गुन्हेगार नाही, खबऱ्या आहे. त्याला घराबाहेर काढलं तरी रोग आत राहतोच, आणि काही महिन्यांनी तोच कॉम्प्युटर मुलीच्या प्रोजेक्टच्या आदल्या रात्री बसतो.

दुसरा निकाल जास्त महागात पडतो. फॉरमॅट हा इलाज म्हणजे ताप कशाचा आहे हे न बघता प्रत्येक रोग्याला एकच सुई टोचणं. कधी कधी गुण येतोही. पण त्यात लग्नाचे फोटो जातात, आणि आमच्यासारख्यांच्या घरी इनपेजमध्ये टाइप केलेल्या वर्षानुवर्षांच्या उर्दू प्रश्नपत्रिका जातात. (इनपेज १९९४ साली आलं. त्याच्या जुन्या फायली युनिकोडच्या नाहीत, त्यामुळे ते सॉफ्टवेअर गेलं की फाइल असूनही वाचता येत नाही. उर्दू शिक्षकाला हे दुःख वेगळं सांगायला नको.) आणि बिघाड धुळीचा असेल तर फॉरमॅट करून मिळतं काय? कोऱ्या विंडोजवर तोच गेम, त्याच वीस मिनिटांनी पुन्हा बंद.

आपल्या मोहल्ल्यात बिघाड शोधण्याची विद्या कधीच कमी नव्हती. गॅरेजमधला उस्ताद कधी कॉलेजात गेलेला नसतो, पण गाडी आली की पाना उचलायच्या आधी चार प्रश्न विचारतो. केव्हा बंद पडते? थंड असताना की तापल्यावर? चढावर की कुठेही? आवाज आला का? मग जे फुकटात तपासता येतं ते आधी बघतो. एका वेळी एकच गोष्ट बदलतो, कारण दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. कॉम्प्युटरसमोर बसलं की मात्र आपण हीच तालीम विसरतो आणि इंटरनेटवरच्या कुणी सांगितलेल्या दहा गोष्टी एकदम करून बसतो.

तेच चार प्रश्न इथे विचारून बघा. गेम सुरूच होत नाही, की पंधरा-वीस मिनिटांनी पडतो? सुरूच होत नसेल तर बहुधा ग्राफिक्सचा ड्रायव्हर, एखादी अपुरी फाइल किंवा त्या गेमला लागणारी एखादी गोष्ट कॉम्प्युटरमध्ये नसणं. वीस मिनिटांनी पडत असेल तर उष्णतेचा संशय आधी घ्यावा. दर वेळी त्याच लेव्हलला, त्याच वळणावर पडतो? मग गेमची फाइल खराब असेल, किंवा ती जिथे साठवली आहे तो डिस्कचा भाग. स्टीमवरचा गेम असेल तर फायली तपासून घेण्याची सोय तिथेच आहे. आज इथे, उद्या तिथे, कुठेही पडतो? रॅम तपासा, विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक आधीपासून असतं. आणि शेवटचा, सगळ्यात कामाचा प्रश्न: फक्त गेम पडतो, की अख्खा कॉम्प्युटरच झटक्यात बंद होऊन पुन्हा चालू होतो? तसं होत असेल तर बोट एसएमपीएसकडे किंवा उष्णतेकडे जातं. गेमच्या सेटिंगशी खेळत बसण्यात तेव्हा अर्थ नसतो.

विंडोज स्वतः याची नोंद ठेवतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. रिलायबिलिटी हिस्टरी उघडली तर कोणत्या दिवशी काय कोसळलं ते लाल फुल्यांनी दिसतं, फुलीवर क्लिक केलं की कोणत्या फाइलपाशी अडलं तेही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल पॉवर ४१' दिसलं तर कॉम्प्युटर नीट बंद न होता अचानक गेला एवढंच ते सांगतं. का गेला ते सांगत नाही. ते आपण शोधायचं.

आमच्या मावळात आणखी दोन कारणं पदरात येतात. पावसाळ्यातली ओल आणि वीज. ओलीने रॅमच्या पट्टीवर मळ धरतो. वीज बंद करून पट्टी काढावी, तिच्या सोनेरी टोकांवर साधा खोडरबर हलकेच फिरवावा, पुसून परत घट्ट बसवावी. कितीतरी 'मेलेले' कॉम्प्युटर एवढ्यावर उठतात. पंख्याखालच्या जाळीत धुळीची गादी जमलेली असते, ती ब्रशने आणि ब्लोअरने काढावी. प्रोसेसरवरची पेस्ट सात-आठ वर्षांत सुकून खडू होते. नवी ट्यूब पुण्याच्या तपकीर गल्लीत फार पैशांत पडत नाही, लोकलचं तिकीट काढून जाऊन यावं. तोवर गेमचं रिझोल्यूशन उतरवून, फ्रेम तीसवर बांधून खेळलं की भारही कमी होतो.

काही वेळा मात्र दोष ना धुळीचा असतो ना पोराचा. विंडोज ३२ बिटची असेल तर आठ जीबी रॅम लावूनही चारच्या आतलीच वापरात येते. कोअर टू ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरला एव्हीएक्स नावाच्या सूचना कळत नाहीत, आणि नवे काही गेम त्याशिवाय उघडतच नाहीत. तिथे कितीही पेस्ट लावा. स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ चा हात सोडला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अटींत धडधाकट चालणारे कितीतरी कॉम्प्युटर बसत नाहीत. सगळ्यात वाईट गत प्रामाणिक गिऱ्हाइकाची. वीसेक वर्षांपूर्वी ज्याने पैसे मोजून सेफडिस्कवाल्या गेमची असली सीडी घेतली, त्याची सीडी विंडोज १० वर चालत नाही, कारण त्या कुलपाचा ड्रायव्हरच मायक्रोसॉफ्टने सुरक्षेपायी बंद केला. म्हणून कुणी चोरीच्या कॉपीकडे वळू नये. तोडफोड केलेल्या कॉपी स्वतःही कोसळतात आणि सोबत काय घेऊन येतात ते वेगळंच. पण चालतं यंत्र कागदावर म्हातारं ठरवण्याचा हा धंदा आहे, हे पोरांना समजलं पाहिजे. हप्त्यावर नवीन घेण्याचा तिसरा निकाल याच धंद्यातून येतो.

पालक मला विचारतील, सर, तुम्ही गेम खेळायला शिकवताय का? पोरं रात्र-रात्र जागतात, हे मीही वर्गात पहिल्या तासाला पेंगणाऱ्या डोळ्यांत बघतो. किती वेळ खेळायचं हे घरच्यांनी ठरवावं, कडकपणे ठरवावं. पण गेम बंद पडल्यानंतरचे दोन तास मला खेळाच्या दोन तासांहून मोलाचे वाटतात. ज्या पोराला विज्ञानाच्या पुस्तकातलं 'निरीक्षण, अनुमान, पडताळा' पाठ होत नाही, तो इथे वहीत लिहून ठेवतो की काल अठरा मिनिटं चालला, जाळी साफ केल्यावर चाळीस. हे त्याला कुणी गुणांसाठी करायला लावलेलं नसतं. आणि मुलींना यातून वगळू नका. "तिला काय कळतंय त्यातलं" असं म्हणणाऱ्या घरात बहुतेक वेळा तिला स्क्रू-ड्रायव्हर हातातच दिलेला नसतो.

आपल्या शाळांच्या कोठीत डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असलेले, वर्षानुवर्षं कापडाखाली झाकलेले कॉम्प्युटर पडून असतात. निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवण्याआधी त्यातले दोन शनिवारी सातवी-आठवीच्या मुलांसमोर उघडायला मुख्याध्यापकांनी परवानगी द्यावी, अशी माझी मागणी आहे. खर्च म्हणाल तर ब्रश, खोडरबर, पेस्टची ट्यूब आणि मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल, जो संपल्यामुळे अनेक यंत्रांची तारीख-वेळ चुकते. विंडोज चालत नसेल तिथे लिनक्स घालावं. त्यावर उर्दू आणि मराठी दोन्ही नीट टाइप होतं. प्लग भिंतीतून काढलेला असावा, शिक्षक शेजारी असावा. एसएमपीएसचा डबा मात्र मुलांनी कधीच उघडायचा नाही, वीज काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका विद्युतभार राहतो. तो खराब निघाला तर अख्खा बदलायचा.