सातमाशा मूल आळशी नसते

गेल्या वर्षी लावणीची घाई संपल्यावर पवन मावळातील एक बाई आपल्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. मुलगा सहावीत शिकणारा, अंगाने किरकोळ, पण डोळे चमकदार.

"डॉक्टरसाहेब, याला बुद्धीचं एखादं टॉनिक लिहून द्या. दुकानातून मीठ आण, येताना दळण घे आणि आजीला निरोप सांग म्हटलं, तर मीठ तेवढं घेऊन येतो. वही घरी राहते, कंपास शाळेत राहतो. गुरुजी म्हणतात आळशी आहे. आता याचे वडील म्हणतात, पुढच्या वर्षी शाळा बंद, गुरांमागे जाऊ दे."

मी मुलाला जवळ बसवले. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत लोकलची स्टेशने सांग म्हटले. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव. पठ्ठ्याने एका दमात सांगितली. मग म्हटले, आता हीच उलटी सांग. वडगावला पोचला, कान्हे आठवले, आणि तिथेच गाडी अडली. ही काही शास्त्रीय चाचणी नव्हे. पण ती पाहून मला एक प्रश्न सुचला, आणि तो मी विचारला.

"हा कितव्या महिन्यात जन्मला?"

बाईंना नवल वाटले. "आता त्याचं काय? सातमाशा आहे. पुण्याला महिनाभर पेटीत होता. वाचला हेच खूप झालं."

वाचकहो, आज माझे म्हणणे या एका प्रश्नाविषयीच आहे. अकाली जन्मलेले मूल पेटीतून घरी आले, बाळसे धरले, लसी झाल्या की आपण सुटलो असे समजतो. डॉक्टरही विसरतात आणि घरचेही. सहा-सात वर्षांनी तेच मूल शाळेत अडखळू लागले, की त्याचा जन्म कुणालाच आठवत नाही. मग आळशी, धांदरट, बेफिकीर अशी विशेषणे त्याला चिकटतात.

गर्भाचे पूर्ण दिवस साधारण ४० आठवड्यांचे. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेले मूल अकाली समजावे. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत मेंदूची वाढ झपाट्याने होते. त्याला वळ्या पडतात आणि निरनिराळ्या भागांना जोडणारे तंतू तयार होतात. ३४ आठवड्यांच्या गर्भाच्या मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. राहिलेली वाढ या मुलांना आईच्या पोटाबाहेर करावी लागते, तीही दिव्यांच्या उजेडात, सुया-नळ्यांच्या त्रासात.

त्याचा परिणाम पुष्कळदा कपाळामागच्या भागाच्या कामावर दिसतो. हा भाग म्हणजे डोक्यातला मुकादम. माणसे कामाला तयार आहेत, पण आधी कोणी काय करायचे, कुठे थांबायचे, एक काम सोडून दुसऱ्याकडे कधी वळायचे हे मुकादम ठरवतो. तीन निरोप ध्यानात धरणे, तोंडावर आलेले उत्तर क्षणभर रोखणे, गणिताची पायरी चुकली तर रीत बदलणे ही सगळी त्याची कामे. पुस्तकांत याला 'एक्झिक्युटिव्ह फंक्शन' म्हणतात, आपण कार्यकारी क्षमता म्हणू. अकाली जन्मलेल्या काही मुलांत हा मुकादम उशिरा तयार होतो. पहिली-दुसरीत हे लपून जाते, कारण बाई पावलोपावली सांगत असतात. पाचवी-सहावीत मुलाने आपले आपण करायचे असते, तेव्हा ते उघडे पडते.

हे केवळ परदेशातले नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. बाराव्या वर्षाचा अहवाल २००४ साली 'इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये प्रसिद्ध झाला. कमी वजनाच्या १८० मुलांपैकी बहुतेक अकाली जन्मलेली होती. तुलनेसाठी पूर्ण दिवसांची ९० मुले होती. सरासरी बुद्ध्यांक पहिल्या गटाचा ८९.५ आणि दुसऱ्याचा ९७.२ भरला. म्हणजे पहिला गटही सर्वसाधारण मर्यादेतच होता. पण गणित आणि हाता-डोळ्याचा मेळ यांत ही मुले मागे होती. दिवसही अपुरे आणि त्या मानाने वजनही कमी, अशांना जास्त अडचण आली.

याचा अर्थ प्रत्येक सातमाशा मुलाला त्रास होतोच असा नाही. कितीतरी मुले उत्तम शिकतात. आणि हा आईचा दोषही नव्हे. रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळे अशी कारणे असतात, पुष्कळदा कारण सापडतही नाही. सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मग करायचे काय? टॉनिकाने मुकादम तयार होत नाही, त्यावर पैसे घालवू नका. पेटीतून घरी सोडतानाचा कागद रेशनकार्डासारखा जपा. शाळेत नाव घालताना शिक्षकांना जन्माचे आठवडे आणि वजन सांगा. मूल मागे पडत असेल तर आधी डोळे, कान व रक्त तपासून घ्या. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांना मूल मुद्दाम दाखवा. अध्ययन अक्षमतेचे निदान होऊन प्रमाणपत्र मिळाले, तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

घरी एका वेळी एकच काम सांगा. दप्तराची जागा ठरवून द्या, सकाळच्या कामांची यादी भिंतीवर लावा. गणित पायरीपायरीने घ्या. झोप पुरी होऊ द्या. 'शिवाजी म्हणतो' हा खेळ खेळा, त्यात थांबण्याची सवय होते. शिक्षकांना एवढेच सांगणे की अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवा आणि सूचना दोनदा द्या. छडीने काही साधत नाही. भीतीने आहे तेवढी आठवणही पळून जाते.

त्या मुलाच्या वडिलांना मी बोलावून घेतले. त्यांना वाटत होते की पोरगा मुद्दाम करतो. पेटीतले ते दिवस आठवून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तेव्हा काचेबाहेर उभा राहून म्हणत होतो, एवढा जगू दे."

मुलगा आता सातवीत आहे. गणित अजून कच्चेच आहे, पण दळण घरी येते, आणि शाळा सुटलेली नाही. ज्याच्या जगण्यासाठी आपण देव पाण्यात ठेवले होते, त्याच्या शिकण्यासाठी थोडा धीर धरायला काय हरकत आहे?