यंत्रगप्पा : इंजिनाला कुठली हवा खाऊ घालाल?



ऑक्टोबर लागला की मस्कतमधल्या आपल्या मराठी घरांतून दोन बेत हमखास शिजू लागतात. एक दिवाळीचा फराळ आणि दुसरा वाळवंटातली सहल. यंदा फराळाच्या ताटावरच एका तरुण मित्राने मला गाठलं. त्याने नुकतीच एक जुनी डिझेल लँड क्रूझर पिकअप घेतली आहे. ७० मालिकेतली, ४.२ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, बिनटर्बोचं. चकली मोडता मोडता म्हणाला, "दादा, स्नॉर्केल बसवतोय. आणि ती मूळची फिल्टरची पेटी काढून उघडा कोन फिल्टर टाकतोय. दुकानदार म्हणतो, गाडी मोकळा श्वास घेईल."

मी म्हटलं, "मोकळा घेईल रे, पण कशाचा?"

हा प्रश्न मला सुचला, कारण ही शाळा मी स्वतः फी भरून शिकलो आहे. तो किस्सा सांगतोच, पण आधी थोडं गणित.

फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना आपल्या आकारमानाएवढी हवा ओढतं. म्हणजे ४.२ लिटरचं इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला सुमारे ४२०० लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून ३५०० धरू. तासाला झाली दोन लाख लिटरच्या वर. आपल्या मुंबईच्या हिशेबात सांगायचं तर दहा बाय बाराच्या सहा खोल्या भरतील इतकी हवा, दर तासाला! आणि पेट्रोल इंजिनाला हवेची वाट अडवणारी थ्रॉटलची झडप असते, तशी या जुन्या डिझेलला नसते. भार असो वा नसो, हा गडी फेऱ्यांच्या हिशेबाने पोटभर हवा खातोच.

आता ही हवा शरकिया वाळवंटातली, जुन्या नावाने वहिबा सँड्समधली. तिथली वाळू बरीचशी क्वार्ट्झची. कठीणपणाच्या मोहस मापावर क्वार्ट्झ सातवर येतो, म्हणजे सिलिंडरच्या ओतीव लोखंडापेक्षा तो कठीण. डोळ्यांत जाणारी जाड वाळू इंजिनाची खरी शत्रू नव्हे, ती कुठल्याही फिल्टरला अडकते. खरा चोर म्हणजे पाच ते वीस मायक्रॉनची बारीक धूळ. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, त्यावरून कल्पना करा. ही धूळ रिंग आणि सिलिंडर यांच्यामधल्या तेलाच्या थरात शिरते आणि पॉलिश पेपरसारखं काम करत राहते.

म्हणून फिल्टर घेताना "हवा किती सोडतो" हे नंतर विचारा, "धूळ किती अडवतो" हे आधी. एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९९.९ टक्के. ऐकताना वाटतं, उन्नीस-बीसचाच फरक. पण फिल्टरवर शंभर ग्रॅम धूळ आली, तर पहिल्यातून एक ग्रॅम आत जाते, दुसऱ्यातून एक दशांश ग्रॅम. फरक दहापट! एअर फिल्टर तपासायचं आय.एस.ओ. ५०११ नावाचं मानक आहे. विकणाऱ्याकडे त्या चाचणीचे आकडे मागा. "मोकळा श्वास" हा काही आकडा नव्हे.

आता माझा किस्सा. परदेशातून मेकॅनिकलची मास्टर्स पदवी घेऊन आलेला मी, बारा वर्षांपूर्वी पहिली डिझेल जीपगाडी घेतली आणि हौसेने तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर बसवला. दर सहलीनंतर धुवायचा, वाळवायचा, तेल लावायचं, परत बसवायचा. आमची ही म्हणायची, "एवढी काळजी घरच्या वॉशिंग मशीनची घेतलीत तर बरं होईल." सहा महिन्यांत डिपस्टिकवर तेल घटू लागलं. सकाळी सुरू करताना निळसर धूर. तेलाचं झाकण उघडलं की फसफस वाफ.

गॅरेजमधल्या मल्याळी मेस्त्रीने इंजिनाला हात लावायच्या आधी फिल्टरच्या पुढचा, इंजिनाकडे जाणारा नळ काढला. आतून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. टाल्कम पावडरसारखी खाकी धूळ. एक शब्द बोलला नाही. फिल्टरच्या कडेचा रबर एका ठिकाणी दुमडून बसला होता. कुणी बसवला होता? मीच! रिंगा, पिस्टन, बोअर, सगळं नव्याने. त्या वर्षी सुट्टीत घरी जाणं रद्द झालं. आईला फोनवर "कामाचा फार रेटा आहे गं" असं सांगितलं. ते खोटं अजून बोचतं.

तेव्हा लहानपणचा मामाचा ट्रॅक्टर आठवला. फलटणजवळ त्याची शेती. ट्रॅक्टरला तेलाच्या वाटीचा फिल्टर होता. हवा तेलावर आपटून वळायची, धूळ तेलात राहायची. मामा ती वाटी न चुकता उपसायचा आणि काठावरचं वॉशर बोटाने चाचपूनच वर चढवायचा. मामा सातवी नापास. पण फिल्टरइतकीच त्याची बैठक महत्त्वाची, हे त्याला कळत होतं आणि मला कळत नव्हतं.

तर मित्राला मी काय सांगितलं?

मूळची बंद पेटी ठेव. उघडा कोन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो आणि हवा दहा अंशांनी तापली की सुमारे तीन टक्के विरळ होते. शिवाय बिनटर्बोच्या डिझेलची ताकद पंप किती इंधन देतो यावर ठरते. नुसती हवा वाढवून ती वाढत नाही. आत चांगल्या प्रतीचा कागदी फिल्टर घाल आणि एक जादा पिशवीत बांधून बरोबर ठेव.

फिल्टर उठसूट काढू नकोस. थोडा मळलेला कागद नव्यापेक्षा जास्त धूळ अडवतो, कारण धुळीचा थरच गाळणी होतो. कॉम्प्रेसरची हवा तर जोरात मारूच नकोस, कागदाला बारीक भोकं पडतात आणि दिसतही नाहीत. त्यापेक्षा पेटीपुढच्या नळावर एक छोटा निर्वात-दर्शक लाव. फिल्टर तुंबला की तो लाल होतो, तेव्हा बदल. पेटीच्या तळाशी चोचीसारखा रबरी व्हॉल्व्ह असेल, तर तो फाटलेला नाही ना ते बघ. आणि प्रत्येक सहलीनंतर ते बोट फिरवायला विसरू नकोस.

स्नॉर्केल मात्र जरूर बसव. छताच्या उंचीवर धूळ कमी असते, हवा थंड असते. ताफ्यात जायचं असेल तर वर सायक्लोनची टोपी चढव. ती हवेला गरगर फिरवून जड कण बाहेर टाकते. बाकी, पुढच्या गाडीची धूळ खाली बसेपर्यंत अंतर ठेवणं हा फुकटातला सर्वोत्तम फिल्टर!

"आणि वादीतून गाडी घालता येईल ना?" मित्राने विचारलं. त्याच्या मनात खरं हेच होतं.

इथे मी ताट खाली ठेवलं. या इंजिनाच्या एका सिलिंडरमध्ये पिस्टन वर आल्यावर जेमतेम तीस-बत्तीस मिलिलिटर जागा उरते. दोन मोठे चमचे. पाणी दाबलं जात नाही. तेवढं पाणी आत गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. स्नॉर्केलचा एक सांधा सैल असला तरी पुरे. पण समजा सगळे सांधे पक्के आहेत, तरी स्नॉर्केल इंजिनाला बुडण्यापासून वाचवतो, गाडीला वाहून जाण्यापासून नाही. एप्रिल २०२४ च्या पुरात समद अल शानला शाळकरी मुलांची गाडी वाहून गेली, ते आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. वाहती वादी ओलांडणं इथे कायद्यानेही गुन्हा आहे. पाणी वाहत असेल तर थांबायचं. थर्मासमधला चहा काढायचा. वादी काही तासांत ओसरते.

मित्र गप्प झाला. मग वहिनींनी आतून विचारलं, "भावजी, म्हणजे तो स्नॉर्केल घ्यायचा की नाही?"

"घ्या वहिनी," मी म्हटलं, "पण धुळीसाठी."

असो. या अंकात इंजिनाची हवा झाली, पुढच्या अंकात टायरमधली. तोवर आपापल्या गाडीच्या नळात एकदा बोट फिरवून बघा आणि काय निघालं ते भेटल्यावर सांगा.