‘यहुदी’ ही शिवी मुलं कुठून शिकली?

मारेगावात दर रविवारी सकाळी मी मोहल्ल्यातल्या लहान मुलांना तासभर गोष्टी सांगते. पहिली ते चौथीची पंधरा-वीस मुलं येतात. मध्यंतरी खेळताना एक मुलगा चिडला आणि दुसऱ्यावर ओरडला, “तू यहुदी है!” दुसरा रडायलाच लागला. मी सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, “यहुदी मतलब?” उत्तरं भराभर आली. दुश्मन. बच्चों को मारनेवाले. सात वर्षांची एक मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, “बाजी, वो इन्सान नहीं होते.”

या मुलांनी यहुदी, म्हणजे ज्यू माणूस, कधी पाहिलेला नाही. मीही पाहिलेला नाही. हा शब्द त्यांच्यापर्यंत आला तो घरातल्या मोठ्यांच्या मोबाइलमधून. गाझाचे व्हिडिओ आपण बघत असतो, चिडून काहीबाही बोलत असतो आणि मूल शेजारी बसून सगळं ऐकत असतं. आपला राग खोटा नाही. पण मुलाच्या कानावर पडतं ते एका कौमचं नाव, आणि तेवढंच त्याच्या लक्षात राहतं.

मी विचारलं, “मूसा अलैहिस्सलाम कोण होते?” सगळे हात वर. फिरऔन, दर्या, असा, सगळं पाठ. “आणि त्यांची कौम कोणती?” कुणालाच सांगता येईना. एकाने हळूच विचारलं, “मुसलमान?” शेवटी मीच सांगितलं, बनी इस्राईल. कुरआनात हे नाव कितीतरी वेळा येतं. आणि त्याच नावाची माणसं आपल्याच महाराष्ट्रात, कोकणात, शेकडो वर्षं राहत आली आहेत, मराठी बोलतात, स्वतःला ‘बेने इस्रायल’ म्हणवतात, हे ऐकून मुलं माझ्याकडे बघतच राहिली.

मारेगावाहून अलिबागला जायचं तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो, म्हणून भिंतीवर नकाशा लावला. अलिबागजवळच्या नवगावला या समाजाचं स्मारक आहे. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. ते घाण्यावर तेल गाळायचे, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचा. आपल्याकडे तेली कुणाला माहीत नाहीत? मुलांना हे लगेच समजलं. आडनावं गावांवरून: पेणकर, दिवेकर, केहिमकर. १९५४ च्या ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा म्हणजे डेव्हिड, त्यांचं आडनाव चेऊलकर, म्हणजे चौलचे. त्यांचं त्या सिनेमातलं मुलांबरोबरचं गाणं मोबाइलवर दाखवलं, तर मुलांनी ते तीनदा लावायला लावलं.

आणि मशीद. आपल्या प्रार्थनास्थळाला बेने इस्रायल लोक मराठीत ‘मशीद’च म्हणत आले. मुंबईतली त्यांची सर्वांत जुनी मशीद १७९६ ची, सॅम्युअल दिवेकरांनी बांधलेली. आज ती मुस्लिम वस्तीत उभी आहे. १८७५ मध्ये हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली. पुढे तिला सर एली कदूरी यांचं नाव मिळालं. आज तिथली बहुतेक मुलं मुस्लिम आहेत. भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेतही तेच. ज्यूंनी बांधलेल्या वर्गात बसून आपली मुलं पाढे म्हणतात.

सगळे ज्यू एकसारखे असतात, हेही मुलांना पुसून सांगावं लागतं. ससून घराणं बगदादचं, घरी अरबी बोलणारं. कोचीनचे ज्यू मल्याळम बोलणारे. बगदादी ज्यू बेने इस्रायलांना कमी लेखायचे. इस्रायलला गेलेल्या मराठी ज्यूंना तिथल्या धर्मगुरूंनी पक्के ज्यू मानायला खळखळ केली, त्यासाठी त्यांना रस्त्यावर उतरावं लागलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. अश्राफ-अजलाफचे चटके सोसलेल्या आपल्या समाजाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

एका अब्बांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, “बेटा, वहाँ बच्चे मर रहे हैं, और तुम इनकी तारीफ पढ़ा रही हो?” प्रश्न रास्त आहे. मी गाझा लपवत नाही. मुलांनी विचारलं की सांगते: इस्रायलच्या सरकारने, इस्रायलच्या लष्कराने मुलं मारली. नाव घेऊन सांगते. फक्त त्या नावाच्या जागी ‘यहुदी’ म्हणू देत नाही. २७ ऑक्टोबर २०२३ ला न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात युद्ध थांबवा म्हणत शेकडो माणसं बसली आणि पोलिसांनी त्यांना धरून नेलं, ती ज्यूच होती. अहले किताब सगळे सारखे नाहीत, हे तर सूरह आले-इमरानमध्ये स्पष्ट आहे.

माझ्या आग्रहाचं खरं कारण मात्र जुनं आहे. २६ नोव्हेंबर २००८ नंतर मी शाळेत गेले तर मैत्रिणीने विचारलं, “तुमच्या लोकांनी असं का केलं?” मी सातवीत होते. मारेगावच्या बाहेर फार तर चंद्रपूरपर्यंत गेले होते. ‘तुमचे लोक’ म्हणजे कोण, मला कळेना. त्या हल्लेखोरांनी मुंबईत नरिमन हाऊसमध्येही माणसं मारली, ती ज्यू होती म्हणून. रब्बी आणि त्यांची पत्नी गेली. दोन वर्षांच्या त्यांच्या मुलाला आयाने उचलून बाहेर आणलं. त्याचं नाव मोशे. म्हणजे मूसा. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा सातवीतला तो वर्ग पुन्हा डोळ्यांसमोर आला.

घरी काही करायचं असेल तर मलिद्यापासून सुरुवात करा. आपण नियाजला पोळी कुस्करून गूळ-तूप घालून करतो. बेने इस्रायल लोक एलियाहू पैगंबरांच्या, म्हणजे आपल्या हजरत इलियास यांच्या नावाने पोहे, ओलं खोबरं, साखर आणि सुकामेवा घालून करतात, आणि त्यालाही मलिदाच म्हणतात. गेल्या रविवारी आम्ही दोन्ही केले. मारेगावच्या बाजारात ओला नारळ महाग, म्हणून सुकं खोबरं भिजवून घातलं. “इन्सान नहीं होते” म्हणणाऱ्या मुलीने पोह्यांचा मलिदा डब्यात भरून घेतला आणि दारातून परत येऊन विचारलं, “बाजी, वो लोग शनिवार को मलिदा बनाते क्या? शनिवार को तो छुट्टी रहती ना उनकी?”