रिकाम्या जागा भरून बोलता येत नाही

१९१३ साली केंब्रिजने परदेशी लोकांसाठी इंग्रजीची परीक्षा सुरू केली. पहिल्या वर्षी तिघे बसले, तिघेही नापास! जवळपास बारा तास चालणाऱ्या त्या परीक्षेत व्याकरण, साहित्य, निबंध, भाषांतर आणि वर उच्चारशास्त्राचा पेपर होता. भाषा येणं म्हणजे भाषेबद्दल पुष्कळ माहिती असणं, असा तेव्हाचा समज.

पुढे रॉबर्ट लाडो या अमेरिकी अभ्यासकाने १९६१ च्या पुस्तकात वेगळी वाट मांडली. भाषेचे सुटे भाग करा, ध्वनी, शब्द, व्याकरण, आणि एकेक भाग वेगळा तपासा. चार पर्याय, एक बरोबर. १९६४ मध्ये सुरू झालेली टोफेल याच वळणाची. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला युनिट टेस्ट म्हणू. प्रत्येक तुकडा एकटा नीट चालतो, जोडले की ॲप बंद पडतं, हे आमचं नेहमीचंच. जॉन कॅरल यांनी १९६१ मध्येच सुचवलं होतं की सुट्या भागांबरोबर एकूण बोलणं पोचतं का, तेही तपासा. तरी टोफेलने प्रत्येक उमेदवाराला बोलायला लावेपर्यंत २००५ उजाडलं. त्याआधी, २००१ मध्ये, युरोप परिषदेने ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या ठरवल्या होत्या. तिथे प्रश्न असा, की या भाषेत तुम्ही काय करू शकता?

आपल्या मोहल्ल्यात मात्र १९६४ अजून संपलेलं नाही. उर्दू माध्यमाचा मुलगा मराठीचा निबंध पाठ करून दहावी होतो आणि तलाठ्याकडे अर्ज द्यायचा म्हटलं की लिहून देणारा शोधतो. हाच मुलगा घरी दखनी, बाजारात मराठी बोलतो, दोन्हींत भाव करतो, भांडतो. ते कोणीच मोजत नाही. इंग्रजीच्या क्लासमध्येही रिकाम्या जागाच.

तरी पर्यायांच्या पत्रिकेला मी सरसकट नावं ठेवणार नाही. आडनाव ऐकून ज्याचा सूर बदलतो अशा परीक्षकापुढे आपल्यातले अनेक जण बसले आहेत. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला आडनावाशी देणंघेणं नसतं. तोंडी परीक्षा हवी, पण गुण कशाचे ते आधी लिहून ठेवलेलं हवं आणि परीक्षक दोन हवेत.

आता भरतीच्या पहिल्या फेरीत बऱ्याचदा यंत्रच बोलणं ऐकतं. स्क्रीनवरचं वाक्य वाचा, ऐकलेलं पुन्हा म्हणा. यंत्राला नाव कळत नसेल, पण त्याला कुणाच्या आवाजांवर शिकवलं? मालेगाव-परभणीचं इंग्रजी त्यात होतं का? ‘यंत्र आहे, म्हणजे निःपक्ष’ हे या धंद्यात राहून मला पटत नाही. शिवाय सर्व्हर का पडला हे ग्राहकाला समजावता येतं का, हा खरा प्रश्न त्या फेरीत येतच नाही.

कंपन्या बदलतील तेव्हा बदलतील. आपल्या अभ्यासिकांना कुणाची परवानगी लागत नाही. आठवड्यातला एक व्याकरणाचा तास काढा. एका मुलीने फोनवर, फक्त मराठीत किंवा फक्त इंग्रजीत, दुसरीला शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला सांगायचं. फॉर्म बरोबर भरला गेला, तर दोघी पास.