आरक्षित जमीन आणि मुदतीची नोटीस

शहराची हद्द शेताच्या बांधाशीं येऊन ठेपली कीं प्रथम येतो तो नकाशा. मोबदला मागाहून येतो, आणि पुष्कळदां येतच नाहीं. उसाच्या तुकड्यावर ‘क्रीडांगण’ असें एकदां लिहिलें गेलें, म्हणजे सातबारा धन्याच्या नांवेंच राहतो. पण घर बांधावयास परवानगी मिळत नाहीं आणि गिऱ्हाईक त्या वाटेस फिरकत नाहीं. शहरास शाळा व रस्ते हवेत, याविषयीं आमचा वाद नाहीं. जमीन घ्यावयाची तर घ्या, नाहीं तर सोडा, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यांतील १२७ व्या कलमानें धन्यास एक दार उघडें ठेवलें आहे. अंतिम विकास योजना अमलांत आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाहीं व संपादनाची घोषणाहि राजपत्रांत निघाली नाहीं, तर धन्यानें हक्काच्या कागदपत्रांसह नियोजन प्राधिकरणास नोटीस द्यावी. मुदतींत हालचाल न झाल्यास आरक्षण संपलें असें मानलें जातें. ही मुदत मुळांत सहा महिन्यांची. ती पुढें बारा महिन्यांची झाली, आणि २०१५ च्या दुरुस्तीनें चोवीस महिन्यांची. दहा वर्षें स्वस्थ बसलेल्या संस्थेस आणखी दोन वर्षें कशास हवींत, हें आम्हांस उमगलेलें नाहीं.

न्यायालयानें मात्र धन्याची बाजू जाणली. नोटीस पोंचतांच सभेंत ठराव करावयाचा, कलेक्टरांकडे प्रस्ताव धाडावयाचा आणि ‘पाऊल टाकलें’ म्हणून मोकळें व्हावयाचें, ही युक्ति सर्वोच्च न्यायालयानें गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यांत २००७ सालीं बहुमतानें निकालांत काढली. पाऊल म्हणजे संपादनाची घोषणा, नुसता प्रस्ताव नव्हे. श्रीरामपूर नगरपरिषदेच्या खटल्यांत २०१३ सालीं तेंच कायम झालें. परंतु गिरनारच्याच २०११ च्या निकालांत पांच न्यायमूर्तींनीं असेंहि ठरविलें कीं, घोषणेनंतर दोन वर्षांत निवाडा न झाल्यास संपादन बाद करणारें जुन्या भूसंपादन कायद्याचें कलम येथें लागू नाहीं. तेव्हां घोषणा वेळेवर निघाली असल्यास त्या कलमाच्या भरंवशावर कोणीं राहूं नये.

या अधिनियमाखालील हुकुमांविरुद्ध दिवाणी दावा चालत नाहीं. उच्च न्यायालयांत रिट अर्ज करावा लागतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग येथील पक्षकारांस त्यासाठीं मुंबई गांठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरास सर्किट बेंच सुरू झालें, ही मोठीच सोय झाली. पण मुळांत शेतकऱ्यास तेथवर जावें लागूंच नये. आरक्षण संपल्यावर सरकारनें तसा आदेश राजपत्रांत काढावयाचा असतो. त्या आदेशास कायद्यानें नेमकी मुदत घालून द्यावी, अशी आमची मागणी आहे.

ज्यांच्या जमिनीवर जुनें आरक्षण आहे अशा वाचकांनीं योजना अमलांत आल्याची तारीख आधीं पाहून ठेवावी. वडिलांच्या पश्चात् वारसांचीं नांवें सातबाऱ्यास लागलीं आहेत कीं नाहींत, तेंहि पाहावें. भाऊबंदांत याच कामास आमच्याकडे वर्षानुवर्षें लागतात.