म्हातारीला बसवून ठेवू नका

आमच्याकडे 1954 सालची डॉज किंग्सवे आहे हे कळले की माणसे दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "ॲव्हरेज काय देते?" आणि दुसरा, "विंटेज करून टाकली की नाही?" पहिल्याचे उत्तर मी हळू आवाजात देतो. लिटरला सहा. दुसऱ्याचे मात्र छाती काढून देतो. नाही केली आणि करणारही नाही! आमचे मॅनेजर म्हणतात, "अहो, एवढा मान मिळतोय तर घ्या की!" साहेब, मानाचेच तर भय आहे. आपल्याकडे एखाद्याला शाल-श्रीफळ दिले की समजावे, आता याला कुणी काम सांगणार नाही.

मुळात ही गाडी कुणा महाराजांची नव्हे. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि 1947 पासून कुर्ल्याला क्रायसलरच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. आमची तिथलीच. आजोळ अमेरिकेचे, बारसे कुर्ल्याचे. साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी, गियरचा दांडा स्टिअरिंगला आणि पुढेमागे सोफ्यासारखी सलग सीट. नवरा, बायको, पोरे आणि बाजाराच्या पिशव्या यांच्यासाठी बनवलेली घरगुती गाडी. मुंबईत हिच्या बहिणी टॅक्सी म्हणून राबल्या. आमची मामांकडून पेणला आली. दर भाद्रपदात पेणचा गणपती घेऊन ती रोह्याला माझ्या सासुरवाडीला जाते. मागच्या सीटवर मधोमध मूर्ती, दोन बाजूंना दोन मेहुणे. वडखळ-नागोठण्याच्या त्या हमरस्त्याचे रुंदीकरण 2011 साली सुरू झाले. तेव्हापासून त्यातले खड्डे मेहुण्यांना कळले, मूर्तीला कधी कळले नाहीत.

आता कायदा ऐका. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. गाडी पन्नास वर्षांवरची हवी, मूळ स्वरूपात राखलेली हवी, चॅसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार झालेला नको, म्हणजे ती विंटेज. वीस हजार रुपये भरा, दहा वर्षांची नोंदणी घ्या, नंबरात 'व्हीए' मिरवा. आणि मग ती रस्त्यावर काढायची कशासाठी? तर प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल. नेहमीच्या वापराला बंदी!

म्हणजे सासूबाईंना रोह्याहून आणायचे तर त्यांना तांत्रिक संशोधनात बसवावे लागणार. (जावई म्हणून हा धोका मी पत्करणार नाही.) पेट्रोल भरायला जायची मुभा आहे खरी. पण पेट्रोल भरायचे ते पुन्हा पेट्रोल भरायला जाता यावे म्हणून, हा व्यवहार बी.कॉम.ला मला कुणी शिकवला नव्हता बुवा.

माझे भांडण असे, की हा नियम कुणा संस्थानिकाची रोल्स-रॉईस डोळ्यांपुढे ठेवून लिहिलाय. ती वर्षभर कापडाखाली झोपते, एक दिवस रॅलीत येऊन फोटो काढून घेते. तिचे ठीक आहे. घरगुती गाडी टिकली ती वापरून, आणि वापरताना हाताला लागेल ते बसवून. हिच्या कितीतरी बहिणींच्या पोटात डिझेल इंजिन गेले. ते परवडले म्हणूनच त्या धावत राहिल्या, आणि आता नेमक्या त्याच कारणाने त्या मानाच्या पंगतीतून बाहेर!

आणि गाडी उभी राहिली की सांध्यांतून जाते हो. ब्रेकच्या तेलात ओलावा उतरतो, व्हील सिलिंडर गंजून अडकतात, कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो. त्यात हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. ते हवेतले पाणी ओढते आणि जुने रबर खाते. दर रविवारी भिसे खिंड चढून आली तर म्हातारी ठणठणीत. मंडपात बसवा, कोकणातल्या दोन पावसाळ्यांत उरेल तो मूळ स्वरूपातला गंज.

धुराचा आक्षेप मात्र खरा आहे. किलोमीटरमागे ही नव्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते, त्याची वकिली मी करणार नाही. पण वर्षाला चालते किती? दीड हजार किलोमीटर, म्हणजे अडीचशे लिटर. आमच्या शेजारचे गृहस्थ रणगाड्याएवढ्या गाडीतून एकटेच वर्षाला पंधरा हजार करतात. लिटरला बारा धरले तरी साडेबाराशे लिटर झाले. त्यांना कुणी ॲव्हरेज विचारत नाही.

तेव्हा मी आपली साधीच नोंदणी ठेवली आहे. दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यायची. 2025 पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याचे दहा हजार पडतात. दहा वर्षांत दोनदा, म्हणजे वीस हजारच झाले की! तेवढ्याच पैशांत विंटेजवाल्याला मंडप मिळतो, मला रस्ता. पण तपासणीत एकदा नापास झाली की काय? ऑगस्ट 2021 मध्ये जुनी वाहने मोडीत काढायचे धोरणही आलेच आहे. जुलैत हार, ऑगस्टमध्ये हातोडा!

माझे मागणे फार नाही. विंटेज गाडीला वर्षाला दोन हजार किलोमीटर घरगुती वापराची मुभा द्या. तपासणी कडक करा, धूर मोजा, हवे तर वर्षाअखेर माणूस पाठवून विजेच्या मीटरसारखा तिचाही मीटर वाचून न्या. मीटर चालू आहे. मैलांत आहे एवढेच. किलोमीटर करून मी देईन, तेही पावतीसकट.