पिकाचा पंचनामा झाला, माणसाचा केव्हा?



आमच्या शहापूर-मुरबाडला कापूस होत नाही, ज्वारीही नाही. आमचा भात, नागली, वरी. तुमची तक्रार पाऊस येत नाही ही, आमची तक्रार तो एकदम येतो ही. मग सह्याद्रीच्या पायथ्याच्या माणसाने कोरडवाहू भावांना काय सांगावे? एवढेच, की संकटे वेगळी असली तरी संकट सरल्यावर आपली फसवणूक एकाच पद्धतीने होते.

२६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याच्या पर्जन्यमापकात फक्त ७३ मिलिमीटर. सांताक्रूझला मापक नसते तर मुंबईत किरकोळ पाऊस झाला असाच कागद तयार झाला असता. सरकारच्या लेखी जिथे मापक असते तिथेच आपत्ती येते.

त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदराच्या, गुरांच्या मुतातून हे जंतू पाण्यात, चिखलात जातात आणि पायाच्या जखमेतून माणसात शिरतात. मुंबईत मोठी रुग्णालये होती, प्रयोगशाळा होत्या. रक्त तपासले गेले, आकडे निघाले, शोधनिबंध छापले गेले. चांगलेच झाले. पण हा आजार मूळचा भातखाचरातला. ऐन पावसाळ्यात पोटरीभर चिखलात अनवाणी उभे राहून आवणी करणाऱ्याला तो पहिला गाठतो. उल्हास, काळू, भातसा या आमच्या नद्या. रायत्याच्या पुलावरून पाणी गेले की मुरबाडचा कल्याणशी संबंध तुटतो. त्या दिवसांत एखाद्या पाड्यावर माणूस तापाने फणफणला तर त्याचे रक्त कोण काढणार? आणि ज्याचे रक्तच काढले नाही तो कोणत्या आकड्यात येणार? इंडियाच्या तापाला शोधनिबंध, भारताच्या तापाला पॅरासिटामॉलची गोळी.

पुरानंतर तलाठी येतो, ग्रामसेवक येतो, कृषी सहायक येतो. घराची भिंत, गोठा, मेलेली म्हैस, वाहून गेलेली बांधबंदिस्ती, सगळ्याचा पंचनामा होतो. पुरात वाहून गेलेला माणूस कागदावर येतो. पण लेप्टोची लक्षणे दिसायला पुष्कळदा पाच ते चौदा दिवस लागतात. पंधरवड्यानंतर तापाने गेलेला माणूस पुराच्या खात्यात येत नाही. तोपर्यंत पंचनाम्याची वही मिटलेली असते.

आता तुमच्या शिवारात या. २०१७ सालचा यवतमाळ जिल्हा. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, फवारणी सुरू आणि माणसे शेतातच कोसळू लागली. वीसहून जास्त माणसे गेली, आठशेहून जास्त दवाखान्यात पडली. कोणाची दृष्टी अधू झाली, कोणी बेशुद्ध पडले. सेंद्रिय फॉस्फरसवर्गातले औषध अंगात गेले की रक्तातले कोलिनेस्टरेज उतरते. ही तपासणी वेळेवर झाली तर डॉक्टरला विषाची दिशा कळते आणि पुढे कोर्टात पुरावा राहतो. दिवस, आठवडे गेले की ते पुन्हा भरून येते. मग रक्त काही सांगत नाही. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली सरकारने विशेष तपास पथक नेमले, तेव्हा ही तपासणी तिथे उपलब्धच नव्हती ही गोष्ट पुढे आली. कापसाच्या जिल्ह्यात, जिथे दर हंगामात औषधाचे डबे रिकामे होतात, तिथे ही स्थिती! आणि दोष कोणावर? हातमोजे घातले नाहीत, चष्मा लावला नाही म्हणून फवारणाऱ्यावर.

मी शेतीशास्त्राचा पदवीधर. एकरी किती मिली औषध, किती लिटर पाणी, हे मला कॉलेजात तोंडपाठ करून घेतले. फवारणाऱ्याच्या रक्तात काय जाते हे कोणी शिकवले नाही. मीही कधी विचारले नाही, ही माझी चूक.

अभ्यास अर्धवट राहिला तर काय होते ते भोपाळकडून शिकावे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला. १९८५ पासून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ऐंशी हजारांवर वायुपीडितांची नोंद ठेवून पाहणी सुरू केली. ती चालू असतानाच, १९८९ मध्ये, ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. दुखणे किती पिढ्या चालणार हे कळायच्या आत हिशेब मिटवला! १९९४ मध्ये हा दीर्घकालीन अभ्यास बंद झाला. पर्यावरणीय आरोग्याची राष्ट्रीय संस्था भोपाळमध्ये उभी राहिली ती २०१० मध्ये. आणि वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली. उभ्या पिकाची नजरअंदाजाने पैसेवारी काढून वही मिटवावी, तसे हे झाले.

काही भले लोक म्हणतात, माणसे मरत असताना संशोधन कसले करता, आधी मदत करा. ऐकायला बरे वाटते. पण उपचार आणि नोंद यांत भांडण नाही. सलाईन लावणारा हात चार थेंब रक्तही काढू शकतो. मदत आज पोट भरते. नोंद नसेल तर उद्या कोर्टात, विधिमंडळात, विमा कंपनीपुढे तुम्ही काय दाखवणार? दुसरे लोक म्हणतात, संशोधक येतात, आमचे रक्त नेतात, परत तोंड दाखवत नाहीत. हा राग खरा आहे. त्यावर उपाय संशोधन नाकारण्यात नाही, त्याचा लगाम ग्रामसभेच्या हाती घेण्यात आहे.

आणि आपलेही चुकलेच. पैसेवारी पन्नासच्या आत आणायला आपण रस्ते अडवले. आपल्या मोर्च्यांच्या मागणीपत्रांत माणसाच्या तब्येतीची एक ओळ नसते.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे हा ठराव ठेवावा:

१. पूर, विषबाधा, वायुगळती, काहीही होवो, सात दिवसांच्या आत घरोघर आरोग्य पंचनामा व्हावा. सोबत आशाताई आणि आरोग्यसेवक असावेत. शेजारच्या, झळ न लागलेल्या गावाचीही तशीच नोंद घ्यावी. बिनखताचा वाफा ठेवल्याशिवाय खताचा गुण कळत नाही, तसेच हे.

२. ग्रामीण रुग्णालयात लेप्टोची आणि कोलिनेस्टरेजची तपासणी हंगामाआधी सज्ज असावी. लेप्टोचे रक्त दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा घ्यावे. पहिल्या आठवड्यात रोग असूनही चाचणी कोरी येऊ शकते.

३. त्याच घरांत सहा महिन्यांनी, वर्षाने, पाच वर्षांनी पुन्हा जावे.

४. संमतीशिवाय रक्त नाही. अहवाल ज्याचा त्याला मराठीत मिळावा. गावाचा निष्कर्ष, कोणाचे नाव न घेता, ग्रामसभेत वाचावा.

५. अभ्यासासाठी कोणाचाही उपचार थांबू नये.

सरकार जागे होईपर्यंत हात बांधून बसू नका. शंभर पानांची वही घ्या. कोणी, कोणत्या तारखेला, काय फवारले. कोणाला कधी ताप, उलटी, अंधारी आली, ते लिहा. औषधाचा डबा आणि दुकानाची पावती फेकू नका, लेबलासकट मुलांच्या हाताबाहेर ठेवा. माणूस दवाखान्यात नेताना तो डबा, नाहीतर निदान लेबल, डॉक्टरला दाखवा. केसपेपरची नक्कल मागून घ्या.

म्हैस मेली तर पंचनाम्याशिवाय आपण तिला पुरत नाही. घरातला कर्ता माणूस मात्र आपण नुसता 'तापाने गेला' म्हणून पोचवून येतो. येत्या पावसाळ्यात हे चालणार नाही, एवढे बैठकीत ठरवून उठा.